श्रिंप, कोळंबी की सुंगट?

विचारणा (फोंडा)
लेकीच्या फिश टँकमध्ये दहा लाल चेरी श्रिंप आहेत. शाळेत ‘माझा छंद’ लिहायचा आहे. तिने ‘कोळंबी’ लिहिले, तर आजी म्हणाली, “आमी सुंगटां म्हण्टात.” काय लिहावे?

उत्तर (मडगाव)
दोन्ही चालतील. कोळंबी स्त्रीलिंगी, सुंगट नपुंसकलिंगी. गोव्याच्या मराठीत ‘सुंगटे’ सर्रास ऐकू येते. हुमणाची, म्हणजे नारळाच्या रसातल्या कालवणाची, आठवण होते म्हणून शब्द टाळू नका. मासाही हुमणात जातो, तरी टाकीतल्याला आपण मासाच म्हणतो ना? फक्त ‘गोड्या पाण्यातली’ हे जोडा, कारण आपल्या मानशीवरची (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दारावरची) सुंगटे मचूळ पाण्यातली. ‘जवळा’ मात्र नको. ती समुद्रातली वेगळीच जात, आकार लहान एवढेच साम्य.

विचारणा (फोंडा)
आभार! काल एक मेली म्हणून लेक रडली, आणि ते नुसते कवच निघाले. त्याला कात म्हणता येईल?

उत्तर (पेडणे)
खुशाल म्हणा. अंग वाढते, कवच वाढत नाही, म्हणून ते टाकावे लागते; सापाचेही तेच. कात टाकीतच राहू द्या, सुंगटे ती खातात, त्यातला चुना त्यांच्या कामी येतो.
‘गाभोळी’ मात्र जपून वापरा. ती माशाच्या पोटातली अंडी. चेरीची मादी अंडी पोटाखालच्या पायांत धरून तीनेक आठवडे हिंडते, म्हणून मी ‘अंडी वाहणारी’ म्हणतो. त्यांतून सुटते ते आईसारखेच इवले पिल्लू. अमानो ह्या दुसऱ्या जातीच्या श्रिंपचे तसे नाही. त्यांची आधी अळी होते आणि तिला खारट पाणी लागते. पुस्तकी मराठीत अशा अळीला ‘डिंभ’ म्हणतात. फार नेमका शब्द आहे, मुलांना जरूर सांगावा.

उत्तर (मडगाव)
डाफ्निया ह्या पाण्यातल्या बारीक जिवाला ‘जलपिसू’ म्हणतात, तेवढे मला खटकते. पिसू हा कीटक, रक्त पिणारा. हा तर कोळंबीचा दूरचा नातलग, पाण्यातले शेवाळाचे कण गाळून खाणारा. डाफ्नियाच लिहावे. सायक्लॉप्सही त्याच गोतातला. नारूचा (अंगात लांब जंत वाढण्याचा) रोग पसरायचा तो पिण्याच्या पाण्यातल्या ह्या सायक्लॉप्समुळे, म्हणून पाणी फडक्याने गाळून प्या असे सांगत. भारत 2000 साली नारूमुक्त ठरला.

विचारणा (फोंडा)
लेकीचे पहिले वाक्य ठरले : ‘माझ्याकडे गोड्या पाण्यातली दहा सुंगटे आहेत, आणि त्यांतले एक अंडी वाहणारे आहे.’