जंताची गोळी शाळेत सरसकट वाटावी का?

सूक्ष्मदर्शी:
माझं मत, नको. अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी गोल जंत पाडते, पण चाबूककृमीवर (आतड्यातला दुसरा एक जंत) फारच तोकडी पडते. मातीतल्या अंड्यांचं तर ती काहीच बिघडवत नाही. गोल जंताची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते आणि ओल्या सावलीत ती वर्षानुवर्षं तग धरतात. घरी संडास नसलेल्या मुलाच्या पोटात काही महिन्यांत पुन्हा जंत होतात. ज्याच्या घरी नळ, संडास, पायात बूट आहेत त्याला बहुधा गोळी लागतच नाही. शौच तपासून औषध द्या, उरलेला पैसा संडासांवर घाला.

खडूफळा:
तपासणी सोपी नाही हो. काटो-कॅट्झ पद्धतीत ४१.७ मिलिग्रॅम शौच जाळीतून गाळून काचपट्टीवर घ्यायचं, अंडी मोजून २४ ने गुणायचं, म्हणजे एका ग्रॅममागे किती ते कळतं. पट्टीवरच्या ग्लिसरीनमुळे अंकुशकृमीची (आतड्यात रक्त पिणाऱ्या जंताची) अंडी तासाभरात दिसेनाशी होतात. पट्टी पडून राहिली की लागण झालेलं मूल निरोगी ठरतं. आणि प्रत्येक तपासणीचा खर्च गोळीच्या कितीतरी पट. म्हणून जागतिक आरोग्य संघटना मोजक्या मुलांची पाहणी करायला सांगते: लागण २० टक्के किंवा जास्त असेल तर वर्षातून एकदा गोळी, ५० टक्क्यांवर गेली तर दोनदा. संडास होईपर्यंत मुलांनी रक्त गमावत राहायचं का?

ओलमाती:
रक्ताचंच बघा. अंकुशकृमीची अँकिलोस्टोमा ही जात जंतामागे रोज साधारण ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवते. शंभर जंत म्हणजे १५-२० मिलिलिटर! गोळीने जंत जातो, गेलेलं लोह परत येत नाही. सोबत लोहाच्या गोळ्या नसतील तर मूल फिकटच राहतं आणि दोष जंताच्या गोळीवर येतो. शिवाय बहुतेक जंत वर्गातल्या मूठभर मुलांच्या पोटात असतात. सगळ्यांची सरासरी काढली की त्यांची सुधारणा त्यात बुडून जाते.

सूक्ष्मदर्शी:
आणि वाटपाच्या दिवशी गैरहजर राहण्याची शक्यता यांचीच जास्त! कुणी भावंडं सांभाळतंय, कुणी कामावर.

खडूफळा:
हे मान्य. आठवड्याने दुसरी फेरी हवी, यादी घेऊन घरोघरी. गोळी समोर चावून खायला लावायची. तीन वर्षांखालच्या भावंडाला चुरून पाण्यातून, नाहीतर घशात अडकते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धीच. आजारी मुलाला बरं झाल्यावर.

सूक्ष्मदर्शी:
फेरी जरूर करा. पण त्याच यादीत 'घरी संडास, पाणी' असा रकाना घाला आणि ती यादी संडास मंजूर करणाऱ्यांच्या टेबलावर पोहोचवा. तोवर माझा विरोध कायम.