केगावकडे भाड्याच्या गोदाम-खोल्या टाकायच्यात, बांधावरची वाट चालेल का?

टॉवेलवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. केगावच्या अंगाला आमची वडिलोपार्जित 30 गुंठे जमीन आहे, पुणे हायवेपासून एक गट सोडून आत. पत्र्याचं शेड मारून आत कुलूपबंद लहान खोल्या काढायच्या आणि महिन्याच्या भाड्यानं द्यायच्या असा विचार आहे. बदली झालेल्यांचं घरसामान, यंत्रमागवाल्यांचे गठ्ठे, मंडपवाल्यांच्या कनाती. पुण्यात याला सेल्फ स्टोरेज म्हणतात. 7/12 शेतीचाच आहे. आत जायला शेजाऱ्याच्या बांधावरून वाट आहे, वडिलांनी तहसीलदारांकडून निकाल घेऊन मिळवलेली. एवढ्यावर भागेल का? आणि आधी कुणाला गाठू, वकील की आर्किटेक्ट?

भुईकोट
निकालपत्र काढा आणि कलम बघा. महसूल संहितेचं 143 असणार. ती वाट शेतकऱ्याला आपल्या शेतात जाता यावं म्हणून असते, बैलगाडी-ट्रॅक्टरपुरती. तिच्यावरून तुम्ही रोज टेम्पो नाचवायला लागलात की शेजारी हरकत घेणार, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. वापर बदलला की वाटेचा आधारही ढिला होतो.

बिनशेती_काका
भुईकोट बरोबर बोलले. रुंदीचंही बघा. बांधावरची वाट बहुतेक ठिकाणी आठ-दहा फूट. नगररचनेत मात्र बोलणं मीटरमध्ये चालतं: 9, 12, 15. आठ फूट म्हणजे अडीच मीटरही भरत नाही! राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत (2020) कुठला वापर चालेल हे झोनवर आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ‘सेल्फ स्टोरेज’ म्हणून अर्ज घेऊन गेलात तर समोरचा माणूस तुमच्याकडे बघत बसेल. गोदाम म्हणूनच बोला. आधी झोन दाखला (जमीन शेती, रहिवास की उद्योग, कुठल्या झोनमध्ये येते त्याचा) आणि भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातला तुमच्या गटापुरता तुकडा) काढा. नकाशात तुमच्या गटाला लागून विकास योजनेचा रस्ता दाखवलेला असेल तर नशीब काढलंत.

का_बे_सोलापूर
एवढं काही नसतंय ओ. निम्मी शेडं अशीच उभी आहेत की.

बिनशेती_काका
उभी आहेत, खरंय. नोटीस आली की मालक माझ्याकडे येतात.

अक्कलकोट_नाका
माझं ऐका, दोन वर्षं गेली. मी शेजाऱ्याचं संमतीपत्र शंभराच्या स्टॅम्पवर घेऊन नोटरी केलं होतं. म्हातारबाबा होते तोवर सगळं गोड. ते गेले, मुलानं वाटेच्या तोंडाला काटेरी तार ओढली, आणि माझी टाटा 407 गाडी गठ्ठ्यांसकट रस्त्यावर उभी. ड्रायव्हर आरसे दुमडून तारेकडे बघतोय, मी फोनवर फोन करतोय. वाटेचा हक्क घ्यायचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्त करा. त्यात रुंदी मीटरमध्ये, मोजणी नकाशा जोडलेला, ‘व्यावसायिक वाहनांसह’ असे शब्द, आणि सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या, बहिणींच्या धरून. मग 7/12 च्या इतर हक्कात नोंद. पैसे जातील, जाऊ द्या. त्यापेक्षा तेवढी पट्टी विकतच मिळाली तर डोळे झाकून घ्या.

भुईकोट
आणि पुढचा गट विकत घेऊन थेट हायवेवर गेट काढू असं मनात असेल तर तेही आपोआप होत नाही. राष्ट्रीय महामार्गावर जोडरस्त्याची परवानगी वेगळी लागते, बांधकाम रेषेपासून मागे सरकावं लागतं. सेवा रस्ता कुठे संपतो ते स्वतः चालत जाऊन बघा. गूगलवर नको.

चिंचोळी_एमआयडीसी
घाई असेल तर एमआयडीसीतलं तयार शेड बघा, अक्कलकोट रोड किंवा इकडे चिंचोळीला. ट्रेलर वळेल एवढा रस्ता आयताच मिळतो. फक्त पोटभाड्याला महामंडळाची परवानगी लागते, आणि तुमचा तर धंदाच पोटभाड्याचा. तेवढं आधी लेखी विचारा.

टॉवेलवाला_सोलापूर
सगळ्यांचे आभार. निकालपत्र सापडलं. 143 च आहे, वर ‘शेतीच्या वहिवाटीसाठी’ असं स्वच्छ लिहिलंय. आम्ही घरात कुणी कधी वाचलंच नव्हतं. काका, मग आधी मोजणी की आधी झोन दाखला?

बिनशेती_काका
झोन दाखला. तो जमला नाही तर मोजणीचे पैसे वाचतील. आणि शेजाऱ्याकडे जाताना वकील नेऊ नका, वडिलांना न्या.