शब्दचर्चा : केक ‘भाजला’ म्हटलं तर कानाला का खटकतं?

मूळ प्रश्न, नाशिकहून

माझी नात टोरांटोला असते, नऊ वर्षांची आहे. तिथल्या रविवारच्या मराठी वर्गात ‘आमच्या घरचा फॉल’ (फॉल म्हणजे तिथला पानगळीचा ऋतू) या विषयावर काही ओळी लिहून न्यायच्या आहेत. सूनबाईने काल फोनवर तिचा कच्चा खर्डा वाचून दाखवला. तो असा :

‘आईने भोपळ्याचा केक भाजला. तो खूप खुसखुशीत झाला. बाबांनी दारावर मक्याची कणसं लावून डेकोरेशन केलं. शरद ऋतूत पानं पडतात.’

‘बेक केला’ असं न लिहिता पोरीने स्वतःहून ‘भाजला’ लिहिलं याचं मला फार अप्रूप वाटलं. तरी कान अडखळलाच. आपण वांगं भाजतो, रवा भाजतो, पापड, भाकरी, शेंगदाणे सगळं भाजतो. ‘पाव भाजून दे’ म्हटलं की मात्र तव्यावर लोणी लावून गरम करणं एवढंच मनात येतं, भट्टीतलं काम येत नाही. मग केक भाजतात का? आणि बाकीच्या ओळींतही मला शंका आहेत. पोरीचं लिखाण खोडायचं नाहीये, पण चुकीचा शब्दही तिच्या हातात द्यायचा नाहीये. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

काकू, ‘भाजला’ चूक नाही. का खटकतं ते सांगतो.

भाजणे संस्कृत ‘भर्जन’शी जोडलेलं आहे. भाजणी आणि भाजी हेही त्याच घरातले. अर्थाच्या मुळाशी आहे कोरडी आच. पाणी आलं की उकडणे, वाफवणे, शिजवणे. भरपूर तेल आलं की तळणे. थोड्या तेलात हलवत राहिलं की परतणे. पाणी नाही, आणि तूप असलं तरी शिरा करताना रव्याला लागतं तेवढंच, अशा आचेवर जे होतं ते भाजणे. ओव्हनमधली आच कोरडीच असते. शिवाय विटा भाजतात, कुंभार मडकी भाजतो. म्हणजे बंद जागेत, हात न लावता, चारी बाजूंनी आच देण्यालाही आपण पिढ्यान्‌पिढ्या भाजणंच म्हणत आलोय.

अडचण दुसरीकडे आहे. हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘तिने वांगं भाजलं’ हे मुद्दाम केलेलं काम. ‘हात भाजला’ हा अपघात. ‘केक भाजला’ हे दोन शब्द कानावर पडले की क्षणभर अपघाताचा अर्थ डोकावतो, केकला काहीतरी झालं असं वाटतं. वांग्याच्या बाबतीत इतक्या वर्षांच्या सवयीने तो अर्थ पुसला गेलाय, केकच्या बाबतीत अजून नाही. उपाय सोपा आहे, भाजणेच्या जोडीला दुसरं क्रियापद द्यायचं : भाजून काढला, भाजायला ठेवला, छान भाजला गेला. ‘आईने केक भाजायला ठेवला’ हे वाचून बघा. कुठेही अडत नाही.

आता जरा आठवणीतलं. आमच्या लहानपणी घरी ओव्हन नव्हता, पण दिवाळीला भट्टीतला जिन्नस घरोघरी असायचा. नानकटाई. वसुबारसेच्या दोनतीन दिवस आधी मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन गल्लीच्या टोकाच्या बेकरीत जायचं. आमची आई पीठ घरीच करून न्यायची. परातीत तूप घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसत बसायची. पिवळं तूप हळूहळू पांढरं पडायचं. झालं का बघायला पाण्याच्या वाटीत त्याचा एक ठिपका सोडायची. बुडाला तर अजून फेसायचं, तरंगला की साखर घालायची. तो तरंगणारा ठिपका मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. मग डबा घेऊन रांगेत. ट्रेच्या कडेला नावाची चिठ्ठी. एका वर्षी चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि आमच्या वेलचीच्या नानकटाया दुसऱ्याच घरी गेल्या, आमच्याकडे जायफळाच्या आल्या. आई दोन दिवस हळहळत होती.

हे सांगायचं कारण, त्या सगळ्या गडबडीत ‘भाजणे’ कोणी म्हणत नसे. ‘नानकटाई करून आणली’, ‘भट्टीला दिली’, ‘आमचा ट्रे लागला का?’, ‘ट्रे आत गेला’. पीठ घरचं, आच बेकरीची, म्हणून भाषा देण्याघेण्याची झाली. घरात ओव्हन आल्यावर आच आपल्या हातात आली, पण तिच्यासाठीचं क्रियापद घरात आधीपासून रुळलेलं नव्हतं, आणि ती जागा ‘बेक करणे’ने घेतली. मला तरी हेच खरं कारण वाटतं.

प्रतिसाद, पुण्याहून

नानकटाईवर थोडी भर. यातला ‘कटाई’ म्हणजे खटाई, आंबटपणा, असं बरेच जण सांगतात. फारसीत नान म्हणजे रोटी, आणि दुसरा भाग ‘खताई’, म्हणजे खता देशाची. खता हे उत्तर चीनचं जुनं नाव. ही व्युत्पत्ती मला पटते, कारण नानकटाईत आंबट असं काहीच नसतं. शंकरपाळ्याचंही तसंच. फारसी ‘शकरपारा’, साखरेचा तुकडा. आपण त्यात शंकर बसवला आणि तो इतका चपखल बसला की आता निघायचा नाही. पाव पोर्तुगीजांकडून आला, आणि बिस्कीट या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘दोनदा भाजलेलं’ आहे. म्हणजे बिस्किटाच्या नावातच भाजणे आहे!

प्रतिसाद, कुडाळहून

काकू, ओव्हन नव्हता म्हणून आपल्याकडे असं भाजणंच नव्हतं, असं कोणी समजू नये. आमच्याकडे पावसाळा सरताना वेलावरची तवशी जून होतात. मोठाली, पिवळसर सालीची काकडी. ती बांधून माळ्याच्या वाशांना टांगून ठेवायची आणि दिवाळीपर्यंत पुरवायची. त्याचाच धोंडस, गोव्यात तवसळी म्हणतात. किसलेलं तवसं, तांदळाचा जाडसर रवा, गूळ, ओलं खोबरं. जाड बुडाच्या टोपात घालायचं, खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. निखाऱ्यांवर राख आली की ती झटकून नवे घालायचे. वरचा थर तांबूस आणि कडा खरपूस झाल्या की उतरवायचा. आई म्हणायची, ‘धोंडसाक वयल्यान आच गावाक होयी.’ वरून आच मिळायला हवी.

गोव्याचं बेबिंकही असंच होतं, एकेक पदर ओतायचा आणि प्रत्येकाला वरून आच द्यायची.

नातीला सांगा, तिच्या पणजीच्या काळातही केक होता, काकडीचा होता.

प्रतिसाद, पुण्याहून (दुसरे)

‘खुसखुशीत’वर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. केक खुसखुशीत होत नाही, ताई. खुसखुशीत व्हायला मोहन लागतं. पिठात कडकडीत तेल किंवा तूप घालून चोळलं की पिठाच्या कणांवर स्निग्धाचा लेप बसतो, पाणी घातल्यावर पीठ चिवट होत नाही आणि पदार्थ दाताखाली भुगा होतो. शंकरपाळी, करंजीची पारी, नानकटाई ही खुसखुशीत. हिंदीतलं मोयन आणि गुजरातीतलं मोण ही आपल्या मोहनाचीच भावंडं. चकली नीट जमली तर खुसखुशीत, नुसती कडक झाली तर कुरकुरीत म्हणून वेळ मारून नेतात. केक असतो लुसलुशीत, जाळीदार, हलका. नऊ वर्षांच्या मुलीला हा फरक एका हातात शंकरपाळं आणि एका हातात केक देऊन दोन मिनिटांत कळेल.

आणि नुसतं ‘भोपळा’ लिहू नये, लाल भोपळा लिहावं. आमच्याकडे नुसता भोपळा म्हटला की निम्मी मंडळी दुधी आणतात. नाशकात तुम्ही डांगर म्हणत असाल तर तेही लिहायला हरकत नाही, आजीचा शब्द आहे.

प्रतिसाद, ठाण्याहून

‘शरद ऋतूत पानं पडतात’ या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. आपल्या पंचांगात शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. आपल्या शरदात पानं पडत नाहीत. आभाळ निवळतं, दुपारी ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं (हेही भाजणेच!), रात्री चांदणं पडतं, कोजागरीला दूध आटतं. पानगळ हे शिशिराचं काम, माघ-फाल्गुनातलं. पळस आणि सावर फुलतात तेव्हा फांदीवर पान नसतं, ते दिवस ते.

टोरांटोत मात्र आश्विनातच मेपल लाल होतात आणि गळायला लागतात. ‘फॉल’ या शब्दाचा अर्थच पानगळ. तेव्हा मुलीचं वाक्य तिच्या गावापुरतं पूर्ण खरं आहे, फक्त गाव वाक्यात यायला हवं. ‘आमच्याकडे शरदातच पानगळ होते.’ त्या एका ‘च’मध्ये दोन्ही देश येतात.

पूर्वी शरद म्हणजे वर्ष असाही अर्थ होता. ‘जीवेत् शरदः शतम्’ म्हणताना आपण शंभर शरद मागतो.

प्रतिसाद, रत्नागिरीहून

डेकोरेशनसाठी ‘आरास’ सुचवणार होते, तोही फारसीतूनच आलेला शब्द. पण आरास म्हटलं की गौरी-गणपती समोर येतात, दारावरच्या कणसांना तो भारी होईल. सजावट चालेल. पण मला वेगळंच आठवलं. आमच्याकडे दसऱ्याला दाराला ‘नवं’ बांधतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल, झेंडू, आंब्याचं पान, सगळं एकत्र जुडी करून. शेतात आलेलं पहिलं धान्य दारावर. कॅनडात दारावर मक्याची कणसं लावतात ती याच दिवसांत, आणि त्यांचा थँक्सगिव्हिंग, म्हणजे पीकपाण्याबद्दल आभार मानायचा सणही ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो, आपल्या दसऱ्याच्या आगेमागेच. कल्पना तीच. ‘बाबांनी दाराला नवं बांधलं’ असं लिहिलं तर?

प्रतिसाद, कुडाळहून

ताई, शब्द सुंदर आहे पण इथे नको. नवं शेतातून आणून देवासमोर ठेवून मग बांधायचं असतं. दुकानातून आणलेल्या शोभेच्या कणसांना नवं म्हटलं तर शब्द पातळ होईल. तुलना करा, नाव देऊ नका.

मूळ प्रश्नकर्त्या, नाशिकहून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नातीला सगळं वाचून दाखवलं. ‘हात भाजला’ आणि ‘केक भाजला’ यातली गंमत तिला लगेच कळली. धोंडसाचं ऐकून तिने आईला विचारलं, आपण काकडीचा केक कधी करायचा. कुडाळच्या दादांचं म्हणणं पटलं, नवं तुलनेपुरतंच ठेवलंय. तिचा मजकूर आता असा आहे :

‘आमच्याकडे शरदातच पानगळ होते. आईने लाल भोपळ्याचा केक ओव्हनमध्ये भाजायला ठेवला. केक लुसलुशीत झाला, आजीची नानकटाई खुसखुशीत असते. कोकणात दसऱ्याला दाराला नवं बांधतात, तसं बाबांनी मक्याच्या कणसांचं तोरण बांधलं. आता दिवाळी येईल तेव्हा त्याच खिळ्यावर आम्ही आकाशकंदील लावू.’

खिळ्याचं वाक्य तिचं स्वतःचं, कोणी सांगितलेलं नाही.

एक शंका राहिली. तिला केकच्या वासाबद्दल एक ओळ घालायची आहे, दालचिनीचा वास घरभर सुटतो ना. ‘खमंग वास’ लिहू का म्हणून विचारते. मला खमंग म्हणजे फोडणी, थालीपीठ, भाजलेलं बेसन असंच वाटतं, गोडाला तो शब्द कधी लावला नाही. पण बेसनाच्या लाडवाला आपण खमंग म्हणतोच की. शनिवारपर्यंत सांगितलंत तर बरं होईल, रविवारी वर्ग आहे.