अँड्रॉइड क्यू बीटा ५ : पूर्ण जेस्चर, गोळी की तीन बटणं? सल्ला हवा

डावखुरा_नोंदकर · १४ जुलै २०१९, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मे महिन्यात अँड्रॉइड क्यूच्या बीटा ३ मध्ये (बीटा म्हणजे चाचणीची आवृत्ती) पूर्ण जेस्चर आले, म्हणजे बटणांऐवजी पडद्याच्या कडेवरून बोट ओढून बॅक नि होम. तेव्हापासून मी तेच वापरतोय. बाकी पर्याय दोन : जुनी तीन बटणं, किंवा गोळी, म्हणजे खाली मधोमध सरकवायचं लांबट बटण आणि शेजारी बॅकचं. बुधवारी बीटा ५ टाकला. तरी एक दुखणं जात नाही, म्हणून धागा काढतोय.

माझं दिवसभराचं काम एका नोंदवहीच्या ॲपमध्ये चालतं. सगळ्या वह्यांची यादी डावीकडच्या ड्रॉवरमध्ये असते. डाव्या कडेवरून अंगठा आत ओढला की यादी बाहेर, अशी हाताला चार वर्षांची सवय. आता तसाच अंगठा ओढला की बॅक होतं. नोंद बंद, आणखी एकदा ओढलं की वही बंद, तिसऱ्यांदा थेट होम स्क्रीन. फोटो क्रॉप करतानाही तेच. चौकटीचा डावा कोपरा धरायला जातो आणि हाती लागतो बॅकचा बाण. केलेलं सगळं पुन्हा करा.

पण खालच्या पट्टीवर अंगठा आडवा सरकवून एका ॲपमधून दुसऱ्यात जाणं मला फार आवडलंय. ते सोडवत नाही.

अटी : खर्च शून्य, नवा फोन घ्यायचा नाही. फोन एकच आहे आणि इतक्यात रीसेट करता येणार नाही. यात बसेल असं सुचवा.

कडेलोट · १४ जुलै, रात्री १०:०५

सरळ आयफोन घ्या आणि मोकळे व्हा. मी २०१७ साली टेन आल्या आल्या घेतला, दुसऱ्या दिवशी होम बटण विसरलो. डाव्या कडेवरून मागे जाणं तिथे २०१३ पासून, आयओएस ७ पासून आहे. बहुतेक ॲपची मुख्य पानं खाली टॅबमध्ये असतात, त्यामुळे ड्रॉवरशी भांडण होत नाही. अँड्रॉइडवाल्यांनी आधी कड ड्रॉवरला दिली आणि आता तीच बॅकला देतायत. एका दाराला दोन कुलपं लावली की हेच होणार.

डावखुरा_नोंदकर · १४ जुलै, रात्री १०:११

कडेलोट, अट पहिलीच आहे हो. नवा फोन नाही.

जुनाजाणता · १४ जुलै, रात्री ११:२०

जेस्चर काल-परवा जन्मले असं समजून लोक बोलतात तेव्हा वाईट वाटतं. २००९ च्या पाम प्री मध्ये पडद्याखाली जेस्चरसाठी वेगळी पट्टी होती. पडद्याची कड कोणाची, हा प्रश्नच तिथे नव्हता. २०११ चा नोकिया एन९ मी तीन वर्षं वापरला. पुढच्या बाजूला एकही बटण नाही. बाजूच्या कुठल्याही कडेवरून बोट आत आणा, ॲप बाजूला सरकून तुम्ही घरी. कुठल्याही म्हणजे खरंच कुठल्याही, डावखुऱ्याला नि उजव्याला एकच न्याय. अजून माझ्या कपाटात आहे, चार्ज केला तर चालू होतो.

तीनबटणी · १५ जुलै, सकाळी ७:५५

तीन बटणं लावा. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग जेस्चर्स, मग सिस्टम नेव्हिगेशन. तिथे तिन्ही पर्याय आहेत.

मी हे आवड म्हणून सांगत नाही. माझ्या बाबांच्या हाताला कंप आहे. हौसेने त्यांच्या फोनवर मी जेस्चर लावून दिले होते. खालून वर ओढून थांबलं तर अलीकडची ॲप, न थांबता सोडलं तर होम. बाबांचं बोट कुठे थांबणार नि कुठे नाही, ते त्यांच्या हातात नाही. एका दुपारी ते मला फोन लावू पाहत होते आणि वीस मिनिटं नुसते अलीकडच्या ॲपच्या चौकटींमध्ये अडकले होते. मी घरी आलो तेव्हा फोन उलटा ठेवून बसले होते. तीन बटणं परत लावली, "हां, आता हा माझा फोन" म्हणाले. बटण दिसतं, ते कुठे आहे हे कळतं आणि चुकून दाबलं जात नाही. बस.

कोडखिडकी · १५ जुलै, सकाळी ९:३०

मी ॲप बनवते, त्यामुळे रोज हेच बघतेय. तुमच्या प्रश्नाला बीटा ५ मध्ये अर्धं उत्तर आहे. कडेवर बोट ठेवून लगेच ओढू नका, क्षणभर दाबून धरा. ड्रॉवर थोडासा डोकावतो. डोकावला की मग आत ओढा, तो पूर्ण उघडेल आणि बॅक होणार नाही. ॲपने ड्रॉवर नेहमीच्या तयार घटकातून बांधला असेल तर हे चालतं. स्वतःचं काही वेगळं रचलं असेल तर नाही.

दुसरं, फोटो क्रॉपचं. क्यू मध्ये ॲपला सिस्टमला सांगता येतं की कडेचा एवढा तुकडा माझा, इथे बॅक घेऊ नका. कोपऱ्यातल्या हँडलसाठी हाच मार्ग आहे, पण ते ॲपवाल्याने करायचं असतं, तुमच्या हातात नाही. त्यांना कळवा. मी माझ्या ॲपमध्ये केलंय, दोन ओळींचं काम आहे.

शब्दवेल्हाळ · १५ जुलै, सकाळी १०:१५

धागा वाचतेय. जेस्चरला मराठी शब्द नाही का? 'खूण' कसा वाटतो? मागची खूण, घरची खूण.

जुनाजाणता · १५ जुलै, सकाळी १०:४०

खूण म्हणजे उमटलेली असते. हे तर 'ओढणं' आहे. मागे ओढ, वर ओढ.

शब्दवेल्हाळ · १५ जुलै, सकाळी १०:५२

खुणेने बोलावणं, नेत्रखूण, खाणाखुणा यांत कुठे काय उमटतं? हाताच्या इशाऱ्याला खूण म्हणायची वहिवाट जुनी आहे. 'ओढ' म्हटलं की मला माणसाची ओढ आठवते.

पट्टीचा_वापरकर्ता · १५ जुलै, दुपारी १:०५

कडेवर दाबून धरा, मग ओढा. ड्रॉवर उघडतो. माझ्याकडे मस्त चालतं, काही अडचण नाही. जेस्चरच ठेवा, आठवडाभरात सवय होते.

डावखुरा_नोंदकर · १५ जुलै, दुपारी १:४०

कोडखिडकी ताई, आभार, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. सकाळपासून करून बघतोय. ड्रॉवर उघडतो हे खरं. पण दरवेळी अंगठा ठेवायचा, डोकावण्याची वाट बघायची आणि मग ओढायचा. दिवसातून दोनदा करायचं असतं तर काही म्हणणं नव्हतं. मी वह्या बदलतो शंभरदा. घाईत थांबणं राहतं आणि पुन्हा बॅक.

पट्टीचा_वापरकर्ता, सवयीला आठवडा म्हणता, मला दोन महिने झाले.

हातचं_गेलं · १५ जुलै, दुपारी ३:२०

जेस्चरचं मरू दे, आधी बीटातून बाहेर कसं पडायचं ते समजून घ्या. मी मागच्या महिन्यात वैतागून बीटा सोडला. जुन्या आवृत्तीवर परत नेणारं अपडेट आलं, मी हो म्हटलं. फोन पूर्ण कोरा झाला. इशारा लिहिलेला होता, मी वाचला नाही. चूक माझीच. गप्पांचा बॅकअप एप्रिलचा निघाला. मधल्या दीड महिन्यात भाची झाली, तिचे पहिल्या दिवसाचे आवाज ताईने मला पाठवले होते. ताईच्या फोनवर होते म्हणून वाचले.

बॅकअप घ्या. बाकी सगळं नंतर.

कडेलोट · १५ जुलै, दुपारी ३:४५

म्हणूनच एकुलत्या एका फोनवर बीटा टाकू नये. ५ जूनला बीटा ४ आला आणि काही फोन सारखे रीस्टार्ट होत राहिल्याने वाटप थांबवावं लागलं, हे सगळ्यांनी वाचलंय. कामाच्या फोनवर स्थिर आवृत्तीच हवी.

कोडखिडकी · १५ जुलै, दुपारी ४:१०

हातचं_गेलं यांच्याशी सहमत. धागाकर्त्यासाठी एक भर : रीसेट नको असेल तर आत्ता बीटा सोडू नका. अंतिम आवृत्ती येईपर्यंत थांबा. ती फोनवर आली की पुढचा बीटा न घेता बीटातून नाव काढा, डेटा जात नाही.

जाडकव्हर · १५ जुलै, रात्री ८:३०

कोणी कव्हरबद्दल का विचारत नाही? मी महिनाभर समजत होतो की बॅक बिघडलाय. पाचातला एखादाच लागायचा. मग अंघोळीनंतर फोन कव्हरातून काढून पुसत होतो, तेव्हा लागोपाठ दहा वेळा लागला. माझ्या कव्हरची कड काचेच्या वर चांगली उचललेली आहे, अंगठा अगदी कडेपासून सुरूच होत नव्हता. वरून जाड काच लावली असेल तर तेच. पातळ कव्हर घ्या, नवीन काच लावून घ्या.

डावखुरा_नोंदकर · १५ जुलै, रात्री ८:४४

माझ्या फोनला कव्हर नाही आणि काचही नाही. माझा बॅक लागत नाही असं नाही, नको तेव्हा लागतो.

घरसजावट · १६ जुलै, सकाळी ६:५०

माझं दुःख वेगळंच आहे. माझा लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप) फोनसोबत आलेला नाही, बाहेरचा आहे, आयकॉन, रंग, सगळं दोन वर्षं बसून जुळवलंय. जेस्चर लावले की होमला जाताना तो अडखळतो. आता जाहीर झालंय की बीटा ६ पासून बाहेरचा लाँचर असेल तर तीन बटणांवरच जावं लागेल, अशा लाँचरवर जेस्चरची सोय नंतरच्या अपडेटमध्ये देणार. म्हणजे ज्यांनी फोन आपल्या हाताने सजवला त्यांनाच रांगेत मागे उभं केलं. मी लाँचर सोडणार नाही. तीन बटणं तर तीन बटणं.

ऐकून_चालतो · १६ जुलै, सकाळी ११:१०

मी फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीवर वापरतो. पडदा दिसत नसल्याने कड शोधणं हा माझ्यासाठी वेगळाच व्याप. टॉकबॅकच्या स्वतःच्या खुणा आहेत (शब्दवेल्हाळ यांचा शब्द आवडला) : बोट खाली आणि मग डावीकडे नेलं की बॅक, वर आणि मग डावीकडे नेलं की होम. पडद्यावर कुठेही करा. मला वाटतं बॅक असाच हवा होता, मधोमध कुठेही चालणारा.

तीनबटणी · १६ जुलै, दुपारी १२:००

पुन्हा सांगतो, तीन बटणं. दोन्ही कडा मोकळ्या होतील. अलीकडच्या ॲपचं बटण दोनदा दाबलं की मागच्या ॲपमध्ये जाता येतं, म्हणजे तुमची आडवी सरकवायची हौसही भागेल.

पट्टीचा_वापरकर्ता · १६ जुलै, दुपारी १२:२५

दोनच ॲपमध्ये अदलाबदल आणि पट्टीवरून सरकत चौथ्या ॲपपर्यंत जाणं, यांत फार फरक आहे. जेस्चरच ठेवा. गोळीचा तर विचारही करू नका. ना धड बटणं, ना धड जेस्चर.

कडेलोट · १६ जुलै, दुपारी १२:३०

गोळीबाबत +१. क्यूच्या आधीच्या अँड्रॉइड 'पाय' आवृत्तीत ती लादली होती, काही फोनवर तर बंद करायची सोयही नव्हती. क्यू मध्ये तीन बटणं परत आली ते बरं झालं.

कोडखिडकी · ८ ऑगस्ट २०१९, सकाळी १०:००

धागा वर काढतेय. काल बीटा ६ आला. बॅकसाठी संवेदनशीलतेची सेटिंग दिली आहे, ती कमी केली की कडेचा पट्टा अरुंद होतो. आणि ॲपला कडेचा तुकडा राखून ठेवायला आता मर्यादा आहे : उभ्या दिशेने २०० डीपी (पडद्यावरच्या अंतराचं माप). १६० डीपी म्हणजे साधारण एक इंच, तेव्हा सव्वा इंच धरा. ड्रॉवरसाठी अख्खी डावी कड अडवून ठेवायचा माझा बेत होता, तो बारगळला. क्रॉपच्या हँडलना सव्वा इंच पुरतो.

डावखुरा_नोंदकर, तुमचं पुढे काय झालं?

डावखुरा_नोंदकर · १० ऑगस्ट २०१९, रात्री ९:१५

उशिराबद्दल माफी. सगळ्यांचं एकेक करून पाहिलं, नुसतं म्हणायचं म्हणून सांगत नाही.

तीन बटणं नऊ दिवस वापरली. ड्रॉवर परत आला, क्रॉप परत आला. पण दिवसातून कितीतरी वेळा अंगठा खाली आडवा सरकायचा आणि काहीच व्हायचं नाही. काल बीटा ६ वर जेस्चर पुन्हा लावले, संवेदनशीलता अगदी कमी केली. फोटोचं बरंच सुधारलं. ड्रॉवरचं नाही, कारण ड्रॉवर नि बॅक दोघांनाही तीच कड हवी आहे. पट्टा अरुंद केला काय नि रुंद केला काय.

गूगलच्या लोकांनी परवा लिहिलंय की बॅक हे होमपेक्षा ५० टक्के जास्त वापरलं जातं, म्हणून ते अंगठ्याजवळ आणलं. मला ते पटतं. पण माझा अंगठा डावा आहे, हे इथे कोणी विचारलं नाही आणि मीही नाव सोडून कुठे सांगितलं नाही.

तर मी गोळी लावली आहे. बॅकचं बटण गोळीच्या डावीकडे, म्हणजे माझ्या अंगठ्याच्या बरोबर खाली. दोन्ही कडा ॲपच्या. गोळी उजवीकडे सरकवली की मागचं ॲप, धरून ठेवली की पुढची पण. मला जे दोन हवे होते ते दोन्ही आहेत. पाय मध्ये ही वर्षभर वापरली होती, तेव्हा तिची किंमत कळली नव्हती.

बॅकअप घेतला आहे. हातचं_गेलं, तुमचं वाचून त्याच रात्री घेतला.

पट्टीचा_वापरकर्ता · १० ऑगस्ट, रात्री ९:३०

गोळी पुढच्या एक-दोन आवृत्त्यांत काढून टाकतील असं माझं ठाम मत आहे. तेव्हा पुन्हा सवय मोडावी लागेल. आताच जेस्चर शिकून घ्या.

डावखुरा_नोंदकर · १० ऑगस्ट, रात्री ९:४१

काढतील तेव्हा बघू. आज वह्या बदलताना एकही नोंद बंद पडली नाही.

शब्दवेल्हाळ · १० ऑगस्ट, रात्री १०:०२

अभिनंदन. आणि 'गोळी' हा शब्द कोणी पहिल्यांदा वापरला? इतका सहज बसलाय की इंग्रजी आठवावंसं वाटत नाही.