छोट्या स्पोर्टी गाडीसाठी कोणता एअर इंटेक घ्यावा?

प्रश्न: माझी हॅचबॅक १.६ लिटरची, टर्बो नसलेली आहे. इंजिनाजवळच उघडा फिल्टर ठेवणारा आखूड इंटेक (इंजिनाला हवा पोचवणारी फिल्टरसह नळी) घ्यावा, की बंपरमागून हवा ओढणारा लांब नळीचा, हे ठरत नाही.

उत्तर १: केवळ आवाजाची हौस असेल, तर आखूड इंटेक पुरेसा आहे. मात्र तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा २० अंशांवरून ५० अंश सेल्सियसवर गेली की तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते, त्यामुळे सिग्नलवरून निघताना गाडी पूर्वीपेक्षा मंद वाटू शकते.

उत्तर २: लांब नळीचा फिल्टर बराच खाली बसतो. साचलेल्या पाण्यात तो बुडाला आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर ते दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. शिवाय आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर ज्या नळीत बसतो तिचा व्यास मूळ नळीइतकाच आहे ना, हे मोजून घ्या. तो बदलला की सेन्सरचे माप चुकते आणि इंधनाचे प्रमाण बिघडते. तेल लावायच्या कापडी फिल्टरला मी एकदा जरा जास्तच तेल लावले होते. सेन्सरच्या केसासारख्या तारेवर चिकट थर बसला आणि चेक इंजिनचा दिवा लागला (दोष सर्वस्वी माझाच).

प्रश्नकर्ता: मग फिल्टरचा मूळ बंद डबा तसाच ठेवून आत फक्त चांगला कोरडा फिल्टर बसवला तर?

उत्तर १: टर्बो नसलेल्या इंजिनासाठी मीही तेच केले असते. आवाज मात्र फारसा बदलणार नाही.