फाळक्यांपासून 'सैराट'पर्यंत एकाच प्रोजेक्टरवर: कुठे काय बदलायचं?

गोदाकाठ (इंदिरानगर, नाशिक):
सोसायटीच्या हॉलमध्ये चार शनिवार मराठी सिनेमे दाखवायचं ठरलंय. पहिल्या शनिवारी फाळक्यांच्या मूकपटांचे उरलेले भाग, मग 'संत तुकाराम' (१९३६), 'सिंहासन' (१९७९) आणि शेवटी 'सैराट' (२०१६). साधा फुल एचडी प्रोजेक्टर, आठ फूट रुंद पडदा, लॅपटॉपवर व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर) आणि दोन स्पीकर. चाचणी घेतली तेव्हा मूकपटातली माणसं तुरुतुरु पळत होती. 'तुकाराम'मध्ये डोकी वरून कापली जातात आणि डीव्हीडीवरचे अभंग चढ्या पट्टीत वाटतात. 'सैराट'चं संगीत दणदणीत, पण संवाद पुटपुटल्यासारखे. जुनं आहे, चालायचंच, असं म्हणून सोडून द्यायचं नाहीये. जाणकारांनी सांगावं.

तिसरी घंटा:
हे चार वेगवेगळे दोष आहेत आणि त्यातला एकही सिनेमाचा नाही.

मूकपटांचं आधी. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) बसतात. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, वेग सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी. बोलपट आले आणि २४ चा वेग पक्का झाला. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) होता ३,७०० फुटांचा. १६ च्या वेगाने तो तासाभराहून थोडा जास्त चालतो, २४ ने ४१ मिनिटांत संपतो. मधली वीस मिनिटं गिळली जातात, तीच तुम्हाला दिसलेली पळापळ.

व्हीएलसीत वेग ०.६७ ठेवा. १८ च्या वेगाने घेतलेल्या भागाला ०.७५ लागेल. कोणता बरोबर, हे डोळ्यांनीच ठरवायचं. सुरुवातीला राजा आपल्या मुलाला, रोहिदासाला, धनुष्य चालवायला शिकवतो, ते दृश्य लावा आणि पायांकडे बघा. पाऊल टेकल्यावर अंगाचा भार त्या पायावर आलेला दिसला की वेग जमला. माणसं पाण्यात चालल्यासारखी दिसली तर ती प्रत आधीच दुरुस्त केलेली आहे, तिला १ वरच राहू द्या.

'कालिया मर्दन' (१९१९) मात्र वगळू नका. सुरुवातीला दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव दाखवते आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. २४ च्या वेगाने हे वेडावून दाखवल्यासारखं दिसतं. योग्य वेगात एक भाव विरून दुसरा उमटेपर्यंतचा क्षण दिसतो, आणि त्या क्षणातच सगळा अभिनय आहे. पहिल्या चित्रपटानंतर फाळके नाशिकला आले आणि 'मोहिनी भस्मासुर' इथेच केला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे रोज जाणाऱ्यांनीही हे पडद्यावर पाहिलेलं नसतं. म्हणून पहिला शनिवार सर्वात महत्त्वाचा मानतो.

मोनोट्रॅक:
'तुकाराम'ची चौकट जवळपास ४:३ आहे, तुमचा प्रोजेक्टर १६:९. झूम करून पडदा भरला की उंचीचा पाव भाग गेलाच. प्रोजेक्टरचं आस्पेक्ट (रुंदी-उंचीचं प्रमाण) 'ऑटो' करा, व्हीएलसीतला क्रॉप काढा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, ते राहू द्या. शेवटी तुकोबा गरुडाच्या विमानातून वैकुंठाला जातात, तिथे वरची जागा कापली तर दृश्यच मेलं.

चढ्या पट्टीचं कारण पाल, म्हणजे सेकंदाला २५ चौकटींची टीव्ही-डीव्हीडीची पद्धत. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा डीव्हीडी करताना २५ ने चालवतात. चार टक्के वेग वाढतो आणि आवाज अर्ध्या स्वराहून काहीसा कमी चढतो. विष्णुपंत पागनीसांचा गळा ऐकायचा तर हा फरक मोठा आहे. वेग ०.९६ करा, पण व्हीएलसीच्या ऑडिओ सेटिंगमधलं 'टाइम स्ट्रेचिंग' आधी बंद करा. ते चालू असेल तर वेग उतरतो, पट्टी तिथेच राहते.

बास मुळीच वाढवू नका, सराउंडही नको. त्या काळच्या ध्वनिपट्टीत खालचे-वरचे सूर मुळातच कमी. बास वाढवला की फक्त घरघर वाढते आणि गौरीबाईंनी साकारलेल्या आवलीचं फटकळ बोलणं त्याखाली दबतं. दोन्ही स्पीकर पडद्याच्या खाली मध्यभागी शेजारीशेजारी ठेवा.

आणि प्रोजेक्टरमधलं 'मोशन स्मूदिंग' चारही दिवस बंद. ते मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतं, मग 'सिंहासन'सुद्धा टीव्ही मालिकेसारखा दिसतो.

गोदाकाठ:
धन्यवाद. 'सिंहासन'ची जी प्रत मिळतेय ती व्हीसीडीवरून घेतलेली आहे. चालेल?

तिसरी घंटा:
व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. आठ फूट रुंद केलं की चेहरे विरघळतात. दुसरी प्रत मिळालीच नाही तर प्रोजेक्टर पुढे घेऊन चित्राची रुंदी पाच फुटांवर आणा आणि खुर्च्याही पुढे ओढा. लहान पण घट्ट चित्र बरं. या सिनेमात बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचा चेहरा महत्त्वाचा आहे.

गंगापूररोडकर:
'सैराट'चं राहिलं. त्याचा आवाज ५.१ (पाच स्पीकर आणि एक बासचा, असे सहा चॅनल) आहे आणि संवाद बहुतेक मधल्या चॅनलवर. लॅपटॉप ५.१ पाठवतोय आणि तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही, म्हणून संवाद हरवले. लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये 'स्टिरिओ' निवडा, व्हीएलसीतला 'पासथ्रू' (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) बंद करा. मग मधला चॅनल दोन्ही स्पीकरमध्ये मिसळतो. तरीही गाणी अंगावर येत असतील तर व्हीएलसीतला कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) थोडासा लावा, पण जपून. अजय-अतुल यांनी त्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला जाऊन केलं होतं, त्याची भव्यता चेपली जाऊ नये. पूर्वार्धातली ती श्रीमंती कानात असेल तरच शेवटची शांतता बोचते. शेवटी आवाज जातो तो मुद्दाम. लॅपटॉपवर बसणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वायर हलवायला उठेल आणि नेमकी सावली पडद्यावर पडेल.

परवानगीचंही बघा. आपल्याकडे सिनेमाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. फाळके आणि 'तुकाराम' त्यातून कधीच मोकळे झाले. 'सिंहासन' आणि 'सैराट'साठी मात्र हक्क असणाऱ्यांची लेखी परवानगी लागेल. घरचं ओटीटी खातं हॉलमधल्या खेळाला चालत नाही. पत्र आजच टाका, उत्तराला वेळ लागतो. तोवर पहिले दोन शनिवार निर्धास्त करा.