फुकट नव्हे, मटोला

आफ्रिकेत रस्त्यावर नुसता हात दाखवला की कुणीही गाडीतून फुकट नेतं, असं एकाने लिहिलंय. मलावीत तरी मला तसा अनुभव नाही. तिथे एका शाळेत सहा महिने स्वयंसेवक होतो. गाडी थांबली की चढण्याआधी भाडं ठरवायचं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. पिकअपच्या हौद्यात माणसं, मक्याची पोती, कोंबड्या सगळं कोंबून नेतात, त्याला तिथे 'मटोला' म्हणतात. आपल्या वडापचा भाऊबंदच! आणि अंगठा दाखवत उभं राहू नका. तळहात जमिनीकडे करून हात वरखाली हलवायचा.

एकदा मलावी तलावाकाठच्या न्खाटा बेहून म्झुझू शहराला जायची मिनीबस चुकली. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर, पण सगळा चढ. मग मटोला धरला आणि सुकवलेल्या उसिपाच्या (तलावातली बारकी मासळी) पोत्यावर बसून गेलो. शेजारच्या आजींनी आधीच भाडं विचारून ठेवलं होतं, म्हणून ड्रायव्हरने मला जास्तीचे क्वाचा (तिथलं चलन) मागितल्यावर माझ्याआधी त्याच भांडल्या. शर्टाचा वास मात्र तीन धुण्यांनंतरही गेला नाही. सुटे पैसे जवळ ठेवा आणि अंधार पडायच्या आत पोचा, रात्री त्या रस्त्यांवर दिवे नसलेल्या सायकली असतात.